मत आपलं, तोड त्यांची

१६ ऑगस्ट २०२२ ची सकाळ. आदल्या दिवशी झेंडावंदन झालेलं, शाळेतली जिलेबी अजून फ्रीजमध्ये होती, मी डबा भरत होते आणि लेक मोबाईल हातात घेऊन किचनमध्ये आली. "आई, फिफानं इंडियाला बॅन केलं."

ती तेव्हा नववीत होती, राईट बॅक खेळायची. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप भारतात होणार होता, नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वरला, आणि आम्ही दोघींनी नवी मुंबईला जायचं कधीपासूनच ठरवून ठेवलेलं. आता वर्ल्डकपच जातोय की काय असं झालं. तिनं बातमीतलं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "थर्ड पार्टी इंटरफिअरन्स म्हणजे काय गं?"

मी म्हणलं, आपल्या कारखान्यावर प्रशासक आलेला आठवतोय का, तसं. संचालक मंडळाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, मग सरकार आपला माणूस नेमतं आणि कारभार तो बघतो. इथंही तेच झालेलं. फुटबॉल फेडरेशनचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, त्यांची मुदत डिसेंबर २०२० ला संपली, पण फेडरेशनच्या घटनेचा खटला कोर्टात चालू म्हणून निवडणूक नाही, असं करत करत मे २०२२ उजाडला आणि सुप्रीम कोर्टानं त्यांना बाजूला करून तीन जणांची समिती बसवली. फिफा ही जगभरच्या फुटबॉलची शिखर संस्था, तिचा नियम असा की देशाची संघटना तिच्या सभासदांनी निवडलेल्या लोकांनीच चालवायची, बाहेरच्या कुणाचा हात चालायचा नाही, मग तो मंत्र्याचा असो की कोर्टाचा.

"मग सभासद कोण?" ती म्हणाली. "आम्ही आहे का सभासद?"

नाही, म्हणलं. तुम्ही खेळाडू.

त्या दिवशी शाळेत तिसऱ्या तासाला गणित शिकवताना सुद्धा माझ्या डोक्यात तेच चाललेलं. फुटबॉलचं राजकारण म्हणजे मुसोलिनी आणि हुकूमशहा आणि स्टेडियममधल्या परेडी असं आपल्याला वाटतं, ते आहेच, पण मला त्यातलं खरं कळलं ते कृष्णाकाठच्या आमच्या साखर कारखान्यामुळं, कारण फिफा चालते ती हुबेहूब सहकारी संस्थेसारखी. आमच्याकडं एक सभासद एक मत, मग तुझा वीस गुंठे ऊस असो नाहीतर वीस एकर. तिकडं एक देश एक मत. ब्राझील पाच वेळा जगज्जेता, त्याला एक मत, आणि कॅरिबियनमधलं माँटसेरात बेट, आमच्या एखाद्या गावाएवढी वस्ती, जेमतेम पाच हजार लोक, त्यालाही एकच. आज असे २११ सभासद आहेत.

माझे वडील, आण्णा, अशाच एका कारखान्याचे सभासद होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत वार्षिक सभेला जायचे. मोठा मांडव, पुढच्या रांगांत ठरवून बसवलेली माणसं, विषय वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर" असा गलका व्हायचा आणि मागं बसलेल्यांना काय मंजूर झालं ते पण कळायचं नाही. दिवाळीच्या आधी सभासदांना सवलतीची साखर मिळायची, आई ती पत्र्याच्या डब्यात भरायची आणि घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायची की ही कारखान्याची बरं का. त्या साखरेचा अभिमान खरा होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्या माणसाला जन्मात कुणी विचारलं नाही त्याला वर्षातून एकदा कुणीतरी आपला समजून काहीतरी देतंय, ही गोष्ट लहान नसते.

एका वर्षी आण्णांनी विरोधी पॅनेलला मत दिलं आणि दिलं ते दिलं, चावडीवर बोलून पण दाखवलं. मतपत्रिका गुप्त असते, गाव गुप्त नसतं. त्या सीझनला आमच्या आडसाली उसाला मार्च संपत आला तरी कारखान्याकडून तोड आली नाही. शेजारच्या फडात टोळी येऊन गेली, बांधापलीकडचा ऊस गेला, आमचा उभा. आधी तुरा आला, मग दशी पडायला लागली, कांडं मोडलं की आतून पांढरं, कापसासारखं. आण्णा रोज संध्याकाळी एक कांडं मोडून घरी आणायचे आणि काही न बोलता ओसरीवर ठेवायचे. शेवटी तोड आली तेव्हा वजन इतकं घटलेलं की सोसायटीचं कर्ज पण फिटलं नाही. आई रडली. आण्णा एवढंच म्हणले, "मत आपलं हाय, पण तोड त्यांची हाय."

म्हणून मला फिफाच्या इतिहासात १९७४ ची निवडणूक सगळ्यात मोठी वाटते, कुठल्याही फायनलपेक्षा.

फिफा स्थापन झाली १९०४ ला पॅरिसमध्ये, युरोपातल्या सात देशांनी मिळून. ज्यूल रिमे नावाच्या फ्रेंच माणसानं १९३० ला उरुग्वेत पहिला वर्ल्डकप भरवला, स्वतः कप घेऊन बोटीनं गेला, पण युरोपातून फक्त चार संघ आले, एवढा लांबचा प्रवास कोण करणार म्हणून. त्यानंतर कितीतरी वर्षं ती युरोपियनांचीच संस्था राहिली. मग आशिया-आफ्रिकेतले देश एकेक करून स्वतंत्र झाले आणि स्वतंत्र झाल्या झाल्या संयुक्त राष्ट्रांत जसं नाव नोंदवलं तसं फिफातही. सभासद यादी वाढत गेली. पण वर्ल्डकपच्या जागा? १९६६ च्या वर्ल्डकपला सोळा संघ, त्यात आफ्रिका, आशिया आणि ओशनिया अशा तीन खंडांना मिळून एकच जागा. म्हणजे आफ्रिका खंडात पहिलं आलात तरी पुढं आशियावाल्यांशी खेळून दाखवा, मग बघू.

घानाचे क्वामे न्क्रुमा तेव्हा आफ्रिकेच्या एकीची भाषा बोलत होते, त्यांच्या क्रीडाखात्याचे प्रमुख ओहेने जान यांनी फिफाला निषेध कळवला, आणि आफ्रिकेनं सरळ बहिष्कार टाकला. इंग्लंडमध्ये १९६६ ला एकही आफ्रिकन देश खेळला नाही. आणि त्याच स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर नऊ, युसेबियोचे. तो जन्मला मोझांबिकमध्ये, वाढला तिथं, फुटबॉल शिकला तिथं, आणि खेळला पोर्तुगालकडून, कारण मोझांबिक पोर्तुगालच्या ताब्यात होतं. आफ्रिकेला जागा नाही पण आफ्रिकेतल्या पोराचे गोल चालतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ.

तेव्हा फिफाचे अध्यक्ष होते सर स्टॅनली राऊस. ह्या माणसाबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण तो माझ्यासारखाच शाळेत शिकवणारा होता आणि उत्तम रेफरी होता. आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक रिटायर झाल्यापासून शाळांच्या मॅचेसना मी शिट्टी घेऊन उतरते. पहिल्या दिवशी मला सांगितलं गेलं की मॅडम, बॉलच्या मागं धावू नका, एका कॉर्नरकडून समोरच्या कॉर्नरकडं तिरकं धावा, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर लाईनमन बघतील. ही तिरकी धाव रूढ केली ती राऊस यांनी. १९३८ ला फुटबॉलचे नियम नव्यानं सुटसुटीत लिहिले तेही त्यांनीच, आजही आपण साधारण त्याच चौकटीत खेळतोय. म्हणजे मी सांगलीतल्या विश्रामबागच्या मैदानावर धावते तेव्हा त्यांनीच आखून दिलेल्या रेषेवरून धावते.

पण नियम जाणणारा माणूस न्यायी असतोच असं नाही, हे मला त्यांच्यामुळं कळलं. दक्षिण आफ्रिकेची फक्त गोऱ्यांची संघटना फिफानं १९६१ ला निलंबित केलेली. राऊस १९६३ ला स्वतः तिकडं जाऊन आले आणि निलंबन उठवलं. त्या संघटनेनं नंतर उपाय सुचवला की १९६६ ला सगळा गोऱ्यांचा संघ पाठवतो आणि १९७० ला सगळा काळ्यांचा. असं कुणी कागदावर लिहून देऊ शकतं! १९६४ ला टोकियोच्या फिफा काँग्रेसमध्ये, म्हणजे तिच्या सर्वसाधारण सभेत, आफ्रिका-आशियाच्या मतांनी निलंबन पुन्हा लागलं, राऊस यांच्या मनाविरुद्ध. त्यांचं म्हणणं कायम एकच, खेळात राजकारण आणू नका.

आणि मग चिली. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करप्रमुख पिनोशेनं सत्ता बळकावली आणि सांतियागोच्या नॅशनल स्टेडियममध्ये हजारो माणसं कोंडली, तिथं छळ झाला, माणसं मारली गेली. त्याच स्टेडियममध्ये चिली आणि सोव्हिएत युनियनची वर्ल्डकपसाठीची पात्रता मॅच होती. फिफाची माणसं ऑक्टोबरमध्ये पाहणीला गेली, कैद्यांना तोवर आत दडवलेलं, पाहुण्यांनी गवत बघितलं, सगळं ठीक आहे म्हणून रिपोर्ट दिला. सोव्हिएत संघ आलाच नाही. तरी २१ नोव्हेंबरला मॅच "झाली". शिट्टी वाजली, चिलीचे खेळाडू एकमेकांना पास देत देत रिकाम्या अर्ध्या मैदानातून पुढं गेले आणि कॅप्टननं मोकळ्या गोलात बॉल मारला. समोर गोलकीपर नाही, कुणीच नाही. मी रेफरी म्हणून ते चित्र डोळ्यासमोर आणते आणि माझी तिथली शिट्टी तोंडापर्यंत जात नाही. नियमाप्रमाणं सगळं बरोबर होतं. राजकारण नको म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी जे केलं त्याहून मोठं राजकारण मला तरी माहीत नाही.

इकडं राऊस यांच्या जागी फिफाचं अध्यक्षपद मिळवायला ब्राझीलचे जुआव आव्हेलांज कामाला लागलेले. पोहण्यात १९३६ च्या ऑलिम्पिकला गेलेला माणूस, ब्राझीलच्या क्रीडा संघटनेचे अध्यक्ष, त्यांच्या काळात ब्राझीलनं तीन वर्ल्डकप जिंकलेले. त्यांनी काय केलं, तर जे आमच्याकडं कुठलाही मुरलेला पॅनेलप्रमुख करतो ते. सभासद यादी काढली, मोठे देश सोडून दिले आणि बारक्या वाड्या-वस्त्यांवर गेले. आफ्रिका, आशिया, कॅरिबियन, विमानानं देशामागून देश. ज्या संघटनांच्या सेक्रेटरीला लंडनमधून पत्राचं उत्तर पण धड यायचं नाही त्याच्या ऑफिसात ब्राझीलचा माणूस स्वतः येऊन बसला, तुमच्या वर्ल्डकपच्या जागा वाढवतो म्हणाला, तुमच्या पोरांसाठी ज्युनियर वर्ल्डकप काढतो, कोच पाठवतो, दक्षिण आफ्रिकेला आत येऊ देत नाही. राऊस ह्यांनी प्रचार असा केलाच नाही म्हणायला हरकत नाही, आपण अध्यक्ष आहोत म्हणजे राहणारच.

११ जून १९७४, फ्रँकफर्ट. दुसऱ्या फेरीत आव्हेलांज ६८, राऊस ५२. फिफाच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपाबाहेरचा अध्यक्ष.

मला विचाराल तर त्या दिवशी मी त्या सभागृहात घानाच्या नाहीतर सुदानच्या खुर्चीत असते तर आव्हेलांजलाच मत दिलं असतं, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप वाटला नसता, जरी पुढं काय झालं ते मला माहीत आहे. दिलेले शब्द त्यांनी बरेचसे पाळले. दक्षिण आफ्रिकेला १९७६ ला बाहेर काढलं. १९७७ ला ट्युनिशियात ज्युनियर वर्ल्डकप झाला. १९८२ ला चोवीस संघ, १९९८ ला बत्तीस. मुलींचा पहिला वर्ल्डकप १९९१ ला चीनमध्ये, म्हणजे माझ्या लेकीच्या वयाच्या मुली ज्या वर्ल्डकपला खेळणार होत्या तो पण त्याच वाटेनं आलेला. १९९० ला कॅमेरून क्वार्टर फायनलला गेलं आणि २०२२ ला मोरोक्कोनं स्पेन आणि पोर्तुगालला घरी पाठवून सेमीफायनल खेळली. ती रात्र आमच्या घरात सगळे जागे होते.

पण आश्वासनांना पैसा लागतो, आणि पैसा आला कोका-कोलाकडून, आदिदासच्या होर्स्ट डासलरकडून, टीव्हीच्या हक्कांतून. डासलरनं काढलेली आयएसएल नावाची कंपनी फिफाचे हक्क विकायची, ती २००१ ला बुडाली आणि तिच्या वह्या उघडल्यावर कळलं की तिनं वरच्या लोकांना किती वाटलेलं. २०१२ ला स्विस कोर्टाची कागदपत्रं बाहेर आली, त्यात आव्हेलांज आणि त्यांचे एकेकाळचे जावई रिकार्डो तेशेरा ह्यांनी लाखो फ्रँक घेतल्याचं होतं. पुढच्या वर्षी आव्हेलांजनं मानद अध्यक्षपद सोडलं. ते १०० वर्षं जगले. त्यांच्या जागी १९९८ ला ब्लाटर आले आणि सवलतीची साखर नियमित झाली, प्रत्येक संघटनेला दरवर्षी ठरलेले डॉलर, त्यातून कुठं खरंच मैदान झालं, कुठं ऑफिस झालं, कुठं नुसतंच कुणाचं तरी घर झालं. २७ मे २०१५ ला झुरिकच्या हॉटेलमध्ये पहाटे पोलीस शिरले आणि फिफाच्या पदाधिकाऱ्यांना बाहेर नेताना हॉटेलच्या लोकांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या, फोटो निघू नये म्हणून. दोनच दिवसांनी त्याच शहरात मतदान झालं आणि ब्लाटर १३३ विरुद्ध ७३ नं पुन्हा पुढं. चार दिवसांत पद सोडतो म्हणून जाहीर करायला लागलं ते वेगळं. नंतर आलेले इन्फान्तिनो पण सांगत काय आले, तर संघटनांना पैसे वाढवून देतो, वर्ल्डकपच्या जागा वाढवतो. २०२६ ला अठ्ठेचाळीस संघ.

ह्याच्यावर मोठ्या देशांतले शहाणे लोक म्हणतात की बघा, बारक्या देशांना समान मत दिल्याचा हा परिणाम. मला ह्याचा मनापासून राग येतो. हेच वाक्य आमच्याकडं बागायतदार म्हणतात, वीस गुंठेवाल्याला कशाला मत, तो साखरेच्या पिशवीवर विकला जातो. आण्णा वीस गुंठेवालेच होते आणि विकले गेले नाहीत, आणि त्याची किंमत त्यांनी तुऱ्यात गेलेल्या उसानं मोजली. दोष बारक्याच्या मताचा नाही. फुटबॉलमध्ये ते मत ज्याच्या हातात आहे तो खेळतच नाही, दोष हा आहे. कारखान्यात निदान ऊस लावणाऱ्याला मत आहे. फिफात घानाचं मत म्हणजे घानाच्या सेक्रेटरीचं मत, मैदानावरच्या पोराचं नाही.

आपलंच बघा. १९५० ला भारताला वर्ल्डकपला जायची संधी आलेली आणि गेलो नाही, बूट नव्हते म्हणून गेलो नाही अशी गोष्ट मी कॉलेजपासून ऐकत आले. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये आपली बरीच मुलं अनवाणी खेळलेली आणि फ्रान्सकडून जेमतेम २-१ नं हरलेली, त्यावरून ती गोष्ट तयार झाली. खरं म्हणजे न जायचा निर्णय फेडरेशनच्या खोलीत झाला, त्यांना ऑलिम्पिक मोठं वाटायचं, बोटीचा प्रवास लांब होता. पण गेल्या सत्तर वर्षांत बोल कुणाला लागला, तर खेळाडूंच्या पायांना.

आणि २०२२ ला पुन्हा तेच. कोर्टाच्या समितीनं नवीन घटना केली, त्यात राज्य संघटनांची ३६ मतं आणि तेवढीच ३६ मतं माजी खेळाडूंना. मी ते वाचलं आणि लेकीला हाक मारून दाखवलं. फिफानं त्याला हरकत घेतली. बंदी आली आणि २२ ऑगस्टला कोर्टानं समिती बरखास्त केली, मतदार म्हणून पुन्हा फक्त राज्य संघटना राहिल्या, २६ ला बंदी उठली, वर्ल्डकप वाचला. २ सप्टेंबरला निवडणूक. भारताचा माजी कॅप्टन बायचुंग भुतिया उभा राहिला, ज्याच्यामुळं सांगलीतल्या पोरांनी पण कधीतरी १५ नंबरचा शर्ट घातलाय तो भुतिया, आणि त्याला मत पडलं एक. समोर कल्याण चौबे, तेही पूर्वीचे गोलकीपर, पण आता राजकारणात, त्यांना ३३. कार्यकारिणीत सहा माजी खेळाडू घेतले, त्यात दोन महिला, हे चांगलं झालं. पण ३३ विरुद्ध १ हा आकडा बघून लेक गप्प झाली होती आणि मला तिला सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

३० ऑक्टोबरला आम्ही नवी मुंबईत नेरूळला होतो. महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास, पहाटे कल्याणला उतरून लोकल, पिशवीत भडंग. भारताच्या मुली तीनही मॅच हरून केव्हाच बाहेर गेलेल्या, अमेरिकेकडून तर ८-०, पण फायनल बघायची म्हणजे बघायची. आधी तिसऱ्या नंबरची मॅच, त्यात नायजेरियाच्या मुलींनी जर्मनीला पेनल्टीवर हरवलं आणि लेक माझा हात धरून उड्या मारत होती, तिला १९६६ चं सगळं माहीत होतं. मग स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं, तोही गोल कोलंबियाच्याच मुलीकडून गेलेला, शेवटची आठ-दहा मिनिटं राहिली असताना. बक्षीस समारंभाला स्टेजवर कोट घातलेली किती माणसं होती. लेकीनं मोजली.

आण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. शेअर वारसानं माझ्या नावावर आला, ते पिवळं पडलेलं शेअर सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलंय. शेत मी वाट्यानं दिलंय. म्हणजे मी सांगलीत राहून गणित शिकवते, ऊस लावतो, पाणी पाजतो, तोडीसाठी चिठबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाच्या, मागं फिरतो तो आमचा वाटेकरी, आणि सभासद मी. नेरूळहून परत येताना गाडीत माझ्या हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यानंतर कारखान्याची निवडणूक लागली तेव्हा मी मतदानाच्या आदल्या दिवशी गावी गेले. आमचे वाटेकरी तात्या फडाच्या कडेला पाट फोडत होते. मी विचारलं, "तात्या, मत कुणाला टाकू?"

"आता ते तुमी ठरवायचं ताई, मत तुमचं."

"ऊस तुमचा आहे," मी म्हणलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खोऱ्यानं पाटाच्या तोंडाला माती लावली, पाणी पुढच्या सरीत वळवलं, हात धोतराला पुसले आणि मग बांधावर बसून एकेका उमेदवाराबद्दल बोलायला लागले, कोण तोडीच्या वेळंला फोन उचलतो, कोणाच्या काळात काटा बरोबर होता, कुणाच्या पोरानं टोळीवाल्यांचे पैसे बुडवले. तासभर बोलत होते. मी कागद काढून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मराठी शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभं राहून मी तो कागद उघडला आणि एकेक नाव बघून शिक्के मारले.